१६.८ ग्रॅम सोडा तापवला, तर किती उरेल?

अकरावीत गेलेल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे: "सर, १६.८ ग्रॅम सोडियम बायकार्बोनेट पूर्ण तापवलं तर सोडियम कार्बोनेट किती ग्रॅम मिळेल, असं गणित आहे. समीकरण संतुलित केलं. दोन बायकार्बोनेटपासून एक कार्बोनेट होतं, म्हणून १६.८ चे निम्मे केले, ८.४ ग्रॅम आले. पुस्तकामागे उत्तर १०.६ दिलंय. दहावीपर्यंत मराठीतून शिकले, आता सगळं इंग्रजीत आहे. चूक भाषेची होतेय की गणिताची?"

भाषेचं मनातून काढून टाक. तुझं समीकरण बरोबर आहे आणि भागाकारही बरोबर आहे. घोटाळा एकाच जागी झालाय: नग मोजायचा आकडा तू वजनाला लावलास. मी तीस वर्षं कारखान्याच्या प्रयोगशाळेत काढली, आता अकरावी-बारावीच्या मुलांना शिकवतो. दोन्हीकडे सगळ्यात जास्त वेळा पाहिलेली चूक हीच. म्हणून उत्तर थोडं सविस्तर देतो.

आधी समीकरण समोर ठेवू:

२ सोडियम बायकार्बोनेट → १ सोडियम कार्बोनेट + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड

तू लावलास तोच नियम उरलेल्या दोघांनाही लावून बघ. दोनास एक पाणी, म्हणजे पाणी ८.४ ग्रॅम. दोनास एक कार्बन डायऑक्साइड, म्हणजे तोही ८.४ ग्रॅम. तिन्हींची बेरीज २५.२ ग्रॅम. भांड्यात घातला होता १६.८ ग्रॅम सोडा. वरचे ८.४ ग्रॅम आले कुठून? द्रव्य अक्षय्यतेचा नियम तू नववीतच शिकलीस. तो परीक्षेत व्याख्या लिहिण्यापुरता नाही, अशा ठिकाणी आपली चूक पकडायला आहे.

आता ते २ आणि १ म्हणजे काय ते बघू. हार्डवेअरच्या दुकानात नट-बोल्ट किलोवर मिळतात. समजा, एका बोल्टला दोन नट लावायचे आहेत, एक कसायचा आणि एक वरून चेकनट. बोल्ट ५० ग्रॅमचा, नट १० ग्रॅमचा. तू ५ किलो बोल्ट घेतलेस, तर नट किती किलो घेशील? दोनास एक म्हणून १० किलो मागितलेस तर दुकानदार तुझ्याकडे बघतच राहील. ५ किलोत बोल्ट १००, त्यांना नट हवेत २००, आणि २०० नटांचं वजन २ किलो. वजनावरून नग, नगांवरून नग, मग नगांवरून पुन्हा वजन. जोडलेला प्रत्येक संच ७० ग्रॅमचा, शंभर संच ७ किलो, आणि ५ अधिक २ बरोबर ७. हिशोब जुळला.

रसायनात नग डोळ्यांना दिसत नाहीत, एवढाच काय तो फरक. तराजूला ग्रॅमशिवाय दुसरं काही कळत नाही आणि समीकरणाला नगांशिवाय. या दोघांमधला दुभाषा म्हणजे मोल. कुठल्याही पदार्थाचा एक मोल म्हणजे त्याचे ठराविक संख्येने नग: ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात. २० मे २०१९ पासून हा आकडा व्याख्येनेच पक्का केलेला आहे. गणित सोडवताना मात्र तो लागत नाही, मुलं उगाच तो लिहीत बसतात आणि शून्यांत हरवतात. आपल्याला लागतं ते एका मोलचं वजन, आणि ते अणुवस्तुमानांच्या बेरजेने मिळतं.

सोडियम २३, हायड्रोजन १, कार्बन १२, ऑक्सिजन १६ धरू. सोडियम बायकार्बोनेटमध्ये सोडियम एक, हायड्रोजन एक, कार्बन एक आणि ऑक्सिजन तीन: २३ + १ + १२ + ४८ = ८४. सोडियम कार्बोनेटमध्ये सोडियम दोन, कार्बन एक, ऑक्सिजन तीन: ४६ + १२ + ४८ = १०६. पाणी १८, कार्बन डायऑक्साइड ४४.

तुझ्याकडे सोडा १६.८ ग्रॅम. त्याला ८४ ने भागलं की ०.२ मोल. समीकरणातला दोनास एक हा आकडा लावायचा तो आता, ग्रॅमना नाही तर या मोलना. ०.२ चे निम्मे ०.१ मोल कार्बोनेट. त्याला १०६ ने गुण: १०.६ ग्रॅम. पाणी ०.१ मोल म्हणजे १.८ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड ०.१ मोल म्हणजे ४.४ ग्रॅम. बेरीज कर: १०.६ + १.८ + ४.४ = १६.८. गेलेलं आणि उरलेलं मिळून पैन्‌पै जमा झालं. ही शेवटची बेरीज गणितात विचारलेली नसली तरी कर. तिला अर्धा मिनिट लागतो आणि ती खोटं बोलत नाही.

एक गोष्ट इथे नीट बघ. निम्मे केल्यावरही वजन निम्मं का झालं नाही? कारण कार्बोनेटचा एक नग बायकार्बोनेटच्या एका नगापेक्षा जड आहे, ८४ ऐवजी १०६. नग निम्मे झाले, पण प्रत्येक नग वजनदार झाला. समीकरणातला सहगुणक, म्हणजे पदार्थाआधी लिहिलेला आकडा, पहिली गोष्ट सांगतो आणि मोलचं वजन दुसरी. एकाला विसरलं की उत्तर चुकणारच.

हे नुसतं कागदावर पटवून घेऊ नकोस. हा सोडा म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडाच आहे. भजीत तो जास्त पडला की जिभेला साबणासारखी चव लागते, ती याच कार्बोनेटची. म्हणजे धुण्याचा सोडा कढईतच तयार झालेला असतो.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग क्रुसिबलमध्ये, म्हणजे तापवायच्या छोट्या वाटीत करतात. माझ्या एका तुकडीतले आकडे देतो. रिकामं क्रुसिबल २४.३१६ ग्रॅम. सोडा घातल्यावर २६.८३२. म्हणजे सोडा २.५१६ ग्रॅम. हिशोबाने उरायला हवं २.५१६ भागिले १६८ गुणिले १०६, म्हणजे १.५८७ ग्रॅम. (दोन मोल सोड्याचे १६८ ग्रॅम, त्यातून १०६ ग्रॅम कार्बोनेट, सवय झाली की मोल वेगळे न काढता असं एकदम लिहिता येतं.) मुलांनी दहा मिनिटं तापवलं, डेसिकेटरमध्ये (आत ओलावा येऊ न देणाऱ्या बंद भांड्यात) गार केलं, वजन घेतलं: २५.९६२. वजा रिकामं क्रुसिबल, उरले १.६४६ ग्रॅम. अपेक्षेपेक्षा जास्त!

साखर कारखान्यातल्यासारखा उतारा, म्हणजे अपेक्षेच्या किती टक्के मिळालं ते काढायचं म्हटलं तर तो १०३.७ टक्के येतो. वहीत असा आकडा दिसला की मुलं घाबरतात आणि गुपचूप खोडून ९८ लिहितात. असं कधी करू नये. शंभराच्या वरचा उतारा म्हणजे पदार्थ आपल्याशी बोलतोय. इथे तो सांगत होता, "मी अजून पूर्ण झालो नाही." किती बाकी आहे तेही काढता येतं. सोड्याचा प्रत्येक ग्रॅम पूर्ण फुटला की ०.३६९ ग्रॅम हवेत जातो. आपल्याकडे जास्तीचे राहिलेत ०.०५९ ग्रॅम. भागाकार केला की सुमारे ०.१६ ग्रॅम सोडा अजून तसाच आहे, हे निघतं. मुलांना पुन्हा तापवायला सांगितलं. दुसऱ्यांदा वजन २५.९०५, तिसऱ्यांदा २५.९०४. वजन आता हलेना. उरले १.५८८ ग्रॅम. त्या दिवशी वर्गात ज्या शांततेने मुलं त्या काट्याकडे बघत होती, ती मला अजून आठवते. कागदावरचं समीकरण आणि समोरची पांढरी भुकटी एकच बोलतात, हे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं.

वजन स्थिर होईपर्यंत तापव, गार कर, तोल, हा क्रम प्रयोगशाळेत मोडायचा नसतो. गरम क्रुसिबल तराजूवर ठेवलं तर त्याच्याभोवतीची हवा तापून वर जाते आणि वजन कमी भरतं. उघड्यावर गार केलं तर कार्बोनेट हवेतला ओलावा ओढतं आणि वजन जास्त भरतं. दोन्ही चुका उलट्या दिशेच्या, म्हणून कधीकधी एकमेकींना झाकतात आणि उत्तर बरोबर आल्यासारखं वाटतं. तसं आलेलं बरोबर उत्तर मला नको असतं.

घरी करायचं तर असं कर. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ८४ ग्रॅम सोडा घे. लोखंडी तवा किंवा स्टीलचं पातेलं घे, ॲल्युमिनियमची कढई नको, तिला कार्बोनेट खातं. घरातलं मोठं कुणी जवळ असू दे. मध्यम आचेवर सोडा पसरून हलवत राहा. थोड्या वेळाने कोरडी पावडर उकळल्यासारखी हलायला लागेल, जागोजाग बारीक विवरं पडतील. तिथून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतोय. वर थंड स्टीलची ताटली धर, तिच्यावर पाण्याचे थेंब जमतील. कोरड्या सोड्यातून पाणी निघालं, हे हिशोबातले ९ ग्रॅम. हालचाल थांबल्यावरही दहा-पंधरा मिनिटं आच चालू ठेव. उरलेल्या पावडरीवर लगेच चिठ्ठी लाव. ती दिसायला अगदी खाण्याच्या सोड्यासारखीच असते आणि चुकून डब्यात परत जाता कामा नये.

आता एक पायरी पुढे जाऊ, कारण तुझं पुढचं गणित तेच असणार. दोन पदार्थ एकत्र आणले आणि दोघांचीही वजनं दिली, तर कुणावरून हिशोब धरायचा? हाच सोडियम कार्बोनेट घे आणि त्यात हायड्रोक्लोरिक आम्ल घाल:

१ सोडियम कार्बोनेट + २ हायड्रोक्लोरिक आम्ल → २ सोडियम क्लोराइड + १ पाणी + १ कार्बन डायऑक्साइड

ग्रॅममध्ये: १०६ + ७३ → ११७ + १८ + ४४. दोन्हीकडे १७९.

समज, दोन्ही १०-१० ग्रॅम घेतले (आम्लाचे १० ग्रॅम म्हणजे पाणी सोडून निव्वळ आम्ल). वजनं सारखी दिसतात म्हणून दोघं एकाच वेळी संपतील असं वाटतं. मोल काढ. कार्बोनेट १० भागिले १०६, ०.०९४३ मोल. आम्ल १० भागिले ३६.५, ०.२७४० मोल. कार्बोनेटच्या ०.०९४३ मोलला दुप्पट आम्ल हवं, ०.१८८७ मोल. आपल्याकडे त्याहून जास्त आहे. म्हणजे कार्बोनेट आधी संपणार. जो आधी संपतो तो लिमिटिंग रिएजंट, आणि उत्पादनाचा सगळा हिशोब त्याच्यावरूनच. मीठ ०.१८८७ गुणिले ५८.५, म्हणजे ११.०४ ग्रॅम. कार्बन डायऑक्साइड ४.१५, पाणी १.७०. आम्ल वापरलं गेलं ६.८९ ग्रॅम, शिल्लक ३.११. सगळ्यांची बेरीज: ११.०४ + ४.१५ + १.७० + ३.११ = २०.००.

यात मुलं दोन ठिकाणी अडखळतात. पहिलं, ज्याचे मोल कमी तोच लिमिटिंग असं ठरवून टाकतात. इथे योगायोगाने ते जुळलं, नेहमी जुळत नाही. नट-बोल्टांकडे परत ये: बोल्ट १००, नट १५०. नट जास्त आहेत, तरी आधी नटच संपतात आणि संच होतात ७५. समीकरणाला किती हवेत हे विचारल्याशिवाय कोण कमी पडतंय ते कळत नाही. दुसरं, मधल्या पायरीत आकडा तोडतात. ०.०९४३ चे ०.०९ केले की मीठ १०.५३ येतं, अर्धा ग्रॅम उगाच गायब. गोळाबेरीज करायची ती शेवटी, एकदाच.

या आम्ल-कार्बोनेटच्या समीकरणाशी माझा एक अनुभव जोडलेला आहे. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका छोट्या कारखान्यात होतो. तिथे वापरून झालेलं आम्ल सांडपाण्यात सोडण्याआधी टाकीत सोडियम कार्बोनेट घालून उदासीन करायचे. त्या दिवशी टाकीत निव्वळ हायड्रोक्लोरिक आम्ल ३४ किलो होतं, टायट्रेशन करून, म्हणजे माहीत असलेलं द्रावण थेंबाथेंबाने घालून मोजून, मीच काढलं होतं. हिशोब केला: ३४ गुणिले १०६ भागिले ७३, म्हणजे ४९.४ किलो. पन्नास किलोची एक गोणी पुरेल. चिठ्ठीवर लिहिलं "सोडियम कार्बोनेट, एक गोणी" आणि स्टोअरला पाठवलं.

गोणी रिकामी झाली, ढवळणं झालं, फेस विरला. पीएच पेपर बुडवला तर लालभडक, म्हणजे अजून आम्लच. मला वाटलं पेपर खराब. दुसरा पुडा उघडला, तोही लाल. मी पुन्हा टायट्रेशन केलं तर टाकीत अजून सुमारे २१ किलो आम्ल शिल्लक. हिशोब तीनदा तपासला, कुठेही चूक सापडेना. शेवटी गोडाऊनच्या म्हाताऱ्या कामगाराने रिकामी गोणी आणून दाखवली. आत तळाशी काचेसारखे पारदर्शक खडे चिकटलेले होते. स्टोअरने धुण्याच्या सोड्याचे स्फटिक दिले होते.

स्फटिक सोड्यात कार्बोनेटच्या प्रत्येक नगाबरोबर पाण्याचे दहा रेणू बसलेले असतात. त्याच्या एका मोलचं वजन १०६ अधिक १८०, म्हणजे २८६. पन्नास किलोच्या गोणीत खरं कार्बोनेट फक्त १८.५ किलो होतं, बाकी पाणी. तेवढ्याने १२.८ किलो आम्ल मारलं गेलं, ३४ मधून ते वजा केलं की २१ उरतात. माझं टायट्रेशन बरोबर होतं, समीकरण बरोबर होतं, भागाकार बरोबर होता. चूक चिठ्ठीवरच्या दोन शब्दांत होती. स्फटिक वापरायचे होते तर १३३ किलो लागले असते, पावणेतीन गोण्यांच्या जवळपास. त्या दिवसापासून मी कुठल्याही हिशोबाआधी बाटलीवरचं किंवा गोणीवरचं लेबल स्वतः वाचतो: पाणी धरून आहे की निर्जल, आणि शुद्धता किती टक्के. तुझ्या गणितात "स्फटिक सोडा" किंवा "९० टक्के शुद्ध" असे शब्द आले तर ते सजावट म्हणून आलेले नसतात. आधी त्यातलं खरं किती ते काढ, मग मोल.

टाकीच्या त्याच हिशोबात आणखी एक उत्पादन होतं, ज्याकडे कुणी बघतच नाही. ३४ किलो आम्ल पूर्ण मारलं तर कार्बन डायऑक्साइड निघतो ३४ गुणिले ४४ भागिले ७३, २०.५ किलो. त्याचे ४६६ मोल, आणि २५ अंश तापमानाला प्रत्येक मोल साधारण साडेचोवीस लिटर जागा घेतो. म्हणजे जवळपास साडेअकरा हजार लिटर वायू. गोणी एकदम ओतली तर टाकी फेसाने उतू जाणार आणि आम्लाचे शिंतोडे काम करणाऱ्याच्या अंगावर येणार. सोडा थोडा थोडा टाकायचा, हे जुन्या कामगारांना अनुभवाने माहीत असतं. समीकरण ते न जळता आधीच सांगतं. बंदिस्त खोली असेल तर आणखी जपायचं, हा वायू हवेपेक्षा जड असतो आणि खाली साठून राहतो. म्हणून मुलांना मी नेहमी सगळ्या उत्पादनांची वजनं काढायला लावतो, विचारलेल्या एकाचंच नाही.

वायूचं वजन हिशोबात धरायची ही सवय माणसाला तशी उशिरा लागली. स्कॉटलंडमध्ये जोसेफ ब्लॅकने अठराव्या शतकाच्या मध्यावर खडू आणि मॅग्नेशियाची (आजच्या भाषेत मॅग्नेशियम कार्बोनेटची) पांढरी पूड तापवून, आधीचं आणि नंतरचं वजन तोलून दाखवलं की कमी झालेलं वजन हे निसटलेल्या हवेचं आहे. १७५६ साली त्याचं हे काम छापून आलं. त्या हवेला त्याने "स्थिर हवा" म्हटलं, तोच आपला कार्बन डायऑक्साइड. फ्रान्समध्ये लव्हाझिएने पुढे वस्तुमान अक्षय्यतेचं तत्त्व १७८९ च्या आपल्या ग्रंथात स्पष्ट मांडलं. दोघांचंही मुख्य हत्यार तराजू. तुझ्या तव्यावरचा प्रयोग ब्लॅकच्या प्रयोगाच्या सख्ख्या नात्यातला आहे.

आणि हेच तुझं समीकरण मोठ्या कारखान्यातही रोज चालतं. गुजरातमध्ये ओखामंडळात मिठापूरला टाटा केमिकल्सचा कारखाना आहे, कंपनी १९३९ सालची. तिथे सॉल्व्हे पद्धतीने सोडा ॲश, म्हणजे निर्जल सोडियम कार्बोनेट बनतं. मिठाच्या पाण्यात अमोनिया मुरवून त्यातून कार्बन डायऑक्साइड सोडला की बायकार्बोनेट खाली बसतं. ते गाळून तापवायचं, म्हणजे तू तव्यावर करशील तेच. एक टन सोडा ॲशसाठी १६८ भागिले १०६, म्हणजे १.५८५ टन बायकार्बोनेट तापवावं लागतं. निघालेला कार्बन डायऑक्साइड फुकट जात नाही, बायकार्बोनेट जिथे बनतं त्या टॉवरमध्ये तो परत जातो. पण दोन बायकार्बोनेटमधून तो एकच निघतो ना, म्हणून लागणाऱ्या वायूचा निम्मा हिस्सा असा परत येतो आणि निम्मा चुनखडीच्या भट्टीतून आणावा लागतो. तुला नडलेला तो "दोनास एक" तिथे भट्टीचा आकार ठरवतो.

सगळ्या पायऱ्या एकत्र केल्या की अमोनिया हिशोबातून निघून जातो आणि उरतं एवढंच:

१ कॅल्शियम कार्बोनेट (चुनखडी) + २ सोडियम क्लोराइड (मीठ) → १ सोडियम कार्बोनेट + १ कॅल्शियम क्लोराइड

१०० + ११७ → १०६ + १११. एक टन सोडा ॲशला कागदावर मीठ १.१०४ टन आणि चुनखडी ०.९४३ टन. चुनखडी ९५ टक्के शुद्ध असेल तर ०.९४३ ला ०.९५ ने भागायचं, गुणायचं नाही, ०.९९३ टन. (इथे मुलं हमखास गुणतात. अशुद्ध माल जास्तच घ्यावा लागणार, हे आधी मनाशी बोलून मग आकडेमोड कर.) मीठ मात्र प्रत्यक्षात कागदापेक्षा बरंच जास्त लागतं, कारण टॉवरमधल्या सगळ्या सोडियमचं बायकार्बोनेट होऊन ते खाली बसत नाही. पाव हिस्सा किंवा त्याहून थोडं जास्त मीठ द्रावणाबरोबर तसंच निघून जातं. आणि दर टन सोडा ॲशमागे १.०४७ टन कॅल्शियम क्लोराइड तयार होतंच होतं, हवं असो वा नसो. ते कुठे ठेवायचं, समुद्रकाठच्या कारखान्याने त्याचं काय करायचं, हा प्रश्न समीकरणानेच पहिल्या दिवसापासून समोर ठेवलेला असतो.

तू विचारलंस त्या भाषेबद्दल एवढंच सांगतो. मराठी माध्यमातली मुलं इथे मागे असतात, असं मला शिकवताना कधी दिसलेलं नाही. नववीतल्या "द्रव्याचे मोजमाप" या धड्यात तू मोल शिकली आहेस, रेणुवस्तुमान शिकली आहेस. नवीन पुस्तकातला इंग्रजी शब्द वाचलास की शेजारी पेन्सिलीने जुना मराठी शब्द लिही. महिन्याभरात पेन्सिल लागणार नाही. गणित वाचताना मात्र प्रत्येक आकड्याशेजारी दोन गोष्टी लिहायची सवय लाव: एकक कोणतं आणि पदार्थ कोणता. "१६.८" असं नुसतं नाही, "१६.८ ग्रॅम बायकार्बोनेट". "०.२" असं नाही, "०.२ मोल बायकार्बोनेट". असं लिहिलं असतंस तर "१६.८ ग्रॅम बायकार्बोनेट, म्हणून ८.४ ग्रॅम कार्बोनेट" ही उडी मारताना तुझाच हात थांबला असता.

सरावाला दोन गणितं देतो. ४.२ ग्रॅम खाण्याच्या सोड्यात भरपूर हायड्रोक्लोरिक आम्ल घातलं तर कार्बन डायऑक्साइड किती? इथे समीकरण वेगळं आहे, ते तू लिही. एकास एक आहे, त्यामुळे २.२ ग्रॅम यायला हवेत. आणि तोच ४.२ ग्रॅम सोडा नुसता तापवला तर कार्बन डायऑक्साइड फक्त १.१ ग्रॅम निघतो. सोडा तेवढाच, मग वायू निम्माच का? उरलेला कार्बन कुठे आहे ते शोध, म्हणजे ढोकळ्याच्या पिठात लिंबू पिळल्यावर तो जास्त का फुगतो, तेही कळेल.

रविवारी तवा ठेवशील तेव्हा काट्यावरचा आकडा मला कळव. ५३ ग्रॅमच्या जवळ आला पाहिजे. ५६-५७ वर अडकला तर गणित बदलू नकोस, आच जरा वाढव आणि पुन्हा तापव.